ग्रंथाचे पान संगणकात : मूळ द्रव्य आणि त्याच्या कल्पना

आपल्या व्यवसायात ग्रंथाधार हा श्रद्धेइतकाच कायद्याचाही विषय आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या कलम ३(अ) मधील व्याख्येनुसार आयुर्वेदीय औषध हे पहिल्या अनुसूचीतील अधिकृत ग्रंथांत सांगितलेल्या योगाप्रमाणेच सिद्ध झालेले असावे लागते. या अनुसूचीत चरकसंहिता, अष्टांगहृदय, शार्ङ्गधरसंहिता, योगरत्नाकर, भैषज्यरत्नावली यांच्या पंक्तीत वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' हा ग्रंथही आहे, ही मराठी वैद्यकवर्गाला अभिमानाची गोष्ट होय. १९०७ साली नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घालणारे हेच पदेशास्त्री. आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय स्थापन करणाऱ्या वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांचे 'आयुर्वेदीय औषधीगुणधर्मशास्त्र' आजही अनेक चिकित्सकांच्या मेजावर असते.

अशा ग्रंथांच्या जुन्या आवृत्त्यांचा कागद आता पिवळा पडून ठिसूळ झाला आहे. राहुरी तालुक्यात, प्रवरेच्या उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात वसलेल्या आमच्या देवळाली प्रवरा परिसरात पावसाळी ओल, वाळवी आणि कसर हे ग्रंथांचे तीन शत्रू घरोघरी आहेत. म्हणून पाने स्कॅन करून ठेवण्याची प्रथा रूढ झाली, हे योग्यच आहे. पण स्कॅन झाले म्हणजे काम संपले, असा समज सर्वत्र दिसतो. कोणी टिफ फाईल देतो, कोणी पीडीएफ, कोणी देजाव्हू. अर्जासाठी मात्र जेपेग हवे असते. एका प्रकारातून दुसऱ्यात रूपांतर करताना पानावरचे अक्षर तेच राहिले की नाही, हे फारसे कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखात आम्हास त्याविषयी सांगावयाचे आहे.

एक अंक किती महाग पडतो

१९९५ साली हळदीच्या व्रणरोपक गुणावर अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. त्या लढ्यातील शस्त्र म्हणजे जुने छापील व लिखित पुरावे. सुवाच्य जुने पान हे आपले धन आहे, हे त्या प्रसंगाने साऱ्या देशाला कळले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभे राहू लागले, ते याच अनुभवातून.

पान अवाच्य असेल तर निदान ते अवाच्य आहे हे कळते. पान सुवाच्य दिसते पण अंक बदललेला आहे, ही स्थिती अधिक घातक. ही कल्पनेतील भीती नव्हे. २०१३ साली जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिझेल यांनी दाखवून दिले की, झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना आकडेच बदलत होती. एका इमारतीच्या नकाशात २१.११ चौरस मीटरच्या खोलीवर १४.१३ असा आकडा उमटला होता. फाईल लहान करण्यासाठी वापरलेली 'जेबिग-२' ही पद्धत साधारण सारख्या दिसणाऱ्या ठशांना एकच ठसा मानून एकाच्या जागी दुसरा बसवीत असे. कंपनीने नंतर दुरुस्ती पुरविली. परंतु शिकवण कायमची आहे.

आता आपल्या जुन्या छपाईतील १ आणि ९, ३ आणि ६ डोळ्यांपुढे आणावेत. एक गुंज म्हणजे १२५ मिलिग्रॅम. नऊ गुंजा म्हणजे ११२५ मिलिग्रॅम. योग बचनागयुक्त असेल तर या एका अंकाचा अर्थ वाचकांना सांगण्याची गरज नाही. बचनाग, कुचला, धोतरा ही द्रव्ये नियमांच्या ई(१) परिशिष्टात विषारी म्हणून नोंदलेली आहेत, ती उगाच नव्हे.

द्रव्य एक, कल्पना अनेक

स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट या पाच कल्पना एकाच द्रव्यापासून होतात. पण क्वाथापासून पुन्हा ओली वनस्पती मिळत नाही. संगणकातील पानाचेही तसेच आहे. टिफ व पीएनजी या प्रकारांत सामान्यतः एकही चित्रबिंदू न गमावता चित्र साठविता येते. जेपेग हा प्रकार छायाचित्रासाठी उत्तम. तथापि तो आकार कमी करताना बारीक तपशील टाकून देतो. त्यामुळे अक्षरांच्या कडांभोवती धूसर डाग येतात आणि प्रत्येक नव्या साठवणीत त्यांत भर पडत जाते. जेपेगचे पुन्हा टिफ केले, तरी गेलेला तपशील परत येत नाही.

ए-४ आकाराचे पान दर इंची ३०० बिंदूंनी स्कॅन केले की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू होतात. रंगीत पान दाबल्याशिवाय २६ मेगाबाइट, राखाडी छटांचे ८.७ मेगाबाइट आणि निव्वळ काळे-पांढरे सुमारे १.१ मेगाबाइट जागा घेते. काळ्या-पांढऱ्या पानास 'ग्रुप-४' ही फॅक्सकाळापासूनची निर्दोष दाब-पद्धत लावल्यास ते आणखी पुष्कळ लहान होते. मात्र पिवळ्या कागदाचे थेट काळे-पांढरे केले, तर पुसट अनुस्वार, रफार आणि मात्रा नाहीशा होतात. म्हणून आमचे मत असे की, मूळ प्रत राखाडी छटांत, टिफ प्रकारात ठेवावी. बाकी सर्व तिच्या कल्पना समजाव्यात.

आज्ञेने रूपांतर का करावे

चारशे पानांचा ग्रंथ खिडकी उघडून एकेक पान बदलू लागलो, तर हात थकतो आणि नजर चुकते. संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली की सर्व पानांवर तोच संस्कार होतो. रात्री काम लावून सकाळी पाहता येते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. आंतरजालावर 'फाईल चढवा, बदलून घ्या' म्हणणाऱ्या फुकट सोयी पुष्कळ आहेत. रुग्णपत्रिका, परवाने, स्वतःची निर्माणप्रक्रिया परक्या संगणकावर पाठविणे धन्वंतरीच्या उपासकाला शोभत नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला आहे. आज्ञेने चालणारी साधने आपल्याच संगणकावर, आंतरजालाविना काम करतात.

'इमेजमॅजिक' ही आज्ञावली विनामूल्य आहे आणि विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालते. पुढील आज्ञा आम्ही उच्चारानुसार देवनागरीत देत आहोत. संगणकावर त्या रोमन लिपीत लिहावयाच्या आहेत.

१. एका पानाचे रूपांतर : 'मॅजिक पान-००१.टिफ पान-००१.पीएनजी'. पहिले नाव मूळ फाईलचे, दुसरे नव्या फाईलचे. नावाच्या शेवटच्या अक्षरांवरून प्रकार ओळखला जातो.

२. पीडीएफची पाने वेगळी करणे : यासाठी 'घोस्टस्क्रिप्ट' ही आज्ञावलीही संगणकावर असावी लागते. 'मॅजिक'नंतर आणि फाईलच्या नावापूर्वी '-डेन्सिटी ३००' लिहावे. हे विसरल्यास दर इंची केवळ ७२ बिंदू धरले जातात व अक्षर फुटते.

३. पीडीएफच्या पोटातील मूळ चित्रे जशीच्या तशी काढणे : 'पॉपलर' संचातील 'पीडीएफइमेजेस -ऑल' ही आज्ञा नवे चित्र न रंगविता आत साठविलेले चित्रच बाहेर काढते. पीडीएफ स्कॅन केलेल्या पानांची असेल, तर क्रमांक २ पेक्षा हाच मार्ग चांगला.

४. देजाव्हू फाईल : 'देजाव्हू-लिब्र' संचातील 'डीडीजेव्हीयू' या आज्ञेस 'फॉरमॅट' म्हणून टिफ सांगावे.

५. अनेक पानांची एकच टिफ : 'टिफस्प्लिट' तिची पाने सुटी करते, 'टिफ-टू-पीडीएफ' तिचे पीडीएफ करते.

जपून पाऊल टाकावे अशा जागा

विंडोजमध्ये 'कन्व्हर्ट' नावाची स्वतःची एक आज्ञा आहे. तिचा चित्रांशी संबंध नाही. ती डिस्कची रचना बदलते. इमेजमॅजिकच्या जुन्या आवृत्तींतही 'कन्व्हर्ट' हेच नाव असल्याने घोटाळा संभवतो. सातव्या आवृत्तीपासून 'मॅजिक' हे नाव आले, तेच वापरावे.

'मॉग्रिफाय' ही आज्ञा एकाच वेळी संपूर्ण फोल्डरवर चालते, पण प्रकार न बदलता वापरल्यास मूळ फाईलच्या जागीच नवी लिहिते. म्हणून मूळ फोल्डरावर ती कदापि चालवू नये. आधी नक्कल करावी.

पानांना १, २, १० असे क्रमांक दिल्यास अनेक ठिकाणी १ नंतर १० येते आणि पाठाचा क्रम बिघडतो. ००१, ००२, ०१० असे तीन अंकी क्रमांक द्यावेत.

अर्जासाठी फाईलच्या आकाराची मर्यादा असते. २०१९ साली 'ई-औषधी' संकेतस्थळ सुरू झाल्यापासून औषध-परवान्याचे काम ऑनलाइन होऊ लागले, तेव्हापासून हा प्रश्न फार्मसीचालकांना नित्याचा आहे. इमेजमॅजिकला '-डिफाइन जेपेग:एक्स्टेंट' याद्वारे कमाल आकार सांगता येतो. छायाचित्रासाठी ते ठीक; ग्रंथाच्या पानासाठी मात्र आधी कडेचा कोरा भाग छाटावा, रंग काढून राखाडी करावे आणि मगच आकार दाबावा.

एकाच कंपनीचा प्रकार

ऑफिस २००३ बरोबर 'एमडीआय' नावाचा स्कॅन-फाईलचा प्रकार आला. ऑफिस २०१० मधून तो उघडणारी आज्ञावली काढून टाकण्यात आली. त्या फाईलींसाठी मायक्रोसॉफ्टने 'एमडीआय-टू-टिफ' हे आज्ञेने चालणारे साधन दिले. त्याला मूळ फोल्डर, नवे फोल्डर आणि नोंदीची फाईल सांगता येते. ज्यांच्या जुन्या सीडींवर शेवटी 'एमडीआय' असलेल्या फाईली असतील, त्यांनी त्या आताच टिफमध्ये आणाव्यात. एकाच घराण्याला ठाऊक असलेला गुप्त योग त्या घराण्याबरोबर लोपतो. एकाच आज्ञावलीत उघडणाऱ्या फाईलचे भवितव्यही तेच असते.

याउलट 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पाने प्रत्येक पानाची स्वतंत्र टिफ फाईल केली होती. प्रकल्पाचे संकेतस्थळ बंद पडले, तरी त्यांतील असंख्य ग्रंथ पुढे 'इंटरनेट आर्काइव्ह'वर वाचावयास मिळाले. सर्वांना उघडता येणारा प्रकार निवडल्याचे हे फळ होय.

परीक्षा

सिद्धीलक्षणे पाहिल्याशिवाय आपण कल्प बाटलीत भरत नाही. येथेही दोन परीक्षा कराव्यात. पहिली यंत्राची : 'मॅजिक कम्पेअर -मेट्रिक एई' ही आज्ञा दोन चित्रांतील वेगळ्या बिंदूंची संख्या सांगते. टिफवरून केलेल्या पीएनजीच्या बाबतीत उत्तर शून्य यावे. जेपेग असेल तर शून्य येणार नाही. तेथे दुसरी परीक्षा निर्णायक. ती डोळ्यांची : ज्या पानांवर मान, मात्रा आणि भावनांची संख्या आहे, ती पाने मूळ ग्रंथाशेजारी ठेवून अंकवार पडताळावीत. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने ताडावे. तासाभरात पाठातील सर्व योग होतात.

आमची वाचकांस विनंती अशी की, सर्व ग्रंथसंपदा हाती घेण्याऐवजी ज्या योगांचा परवाना आपल्याकडे आहे, त्यांच्या आधारपानांपासून आरंभ करावा. मुखपृष्ठ, आवृत्ती व प्रकाशनवर्षाचे पान आणि योगाचे पान, अशी तीन पाने एकत्र ठेवावीत. आवृत्ती कळल्याशिवाय आधार पुरा होत नाही. मूळ टिफ प्रती दोन वेगळ्या वास्तूंत, दोन डिस्कांवर असाव्यात आणि वर्षातून एकदा उघडून पाहाव्यात. आणि कागदी ग्रंथ, तो कितीही जीर्ण असो, टाकून देऊ नये. संगणकातील पानाविषयी शंका आली, तर तिचे निरसन त्याच कागदावर होणार आहे.