काचपट्टी पेणला, खाट महालक्ष्मीला

महालक्ष्मीचे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय खरे तर रायगडात व्हायचे होते. २०१७ मध्ये राज्य सरकारशी करार झाला तो पनवेलजवळच्या कळंबोलीसाठी. आजारी जनावर घेऊन मुंबईकराने एवढ्या लांब यायचे कसे, म्हणून रतन टाटांनी ते मुंबईत आणवले. लांबचा प्रवास काय करतो हे त्यांनी भोगले होते. आपल्या कुत्र्याचा सांधा बदलण्यासाठी त्यांना अमेरिकेतले मिनेसोटा विद्यापीठ गाठावे लागले, पण तोवर उशीर झाला होता. डॉक्टरांना सांधा एका स्थितीत कायमचा पक्का करण्यावर थांबावे लागले.

१ जुलै २०२४ ला रुग्णालय सुरू झाले. १६५ कोटींचा खर्च, सुमारे ९८ हजार चौरस फूट जागा, दोनशेहून अधिक खाटा, चोवीस तास सेवा. परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेल्या या शहरातही एकाच छताखाली सीटी स्कॅन, अतिदक्षता विभाग आणि प्रयोगशाळा ही मोठीच भर आहे. प्राण्याला ‘हलू नकोस’ सांगता येत नाही. साध्या स्कॅनसाठीही बहुधा गुंगी द्यावी लागते आणि अशक्त जनावराची गुंगी सांभाळणे हे स्वतंत्र शास्त्र आहे.

पेणहून हे अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर, रोह्याहून शंभराच्या वर. अटल सेतूने शिवडी जवळ आणली, तरी रोह्याहून येणाऱ्याला नागोठणे-वडखळचा रस्ता आधी पार करावा लागतोच. रायगडातल्या कुत्र्याला हे अंतर सर्वांत महाग पडते ते गोचीडतापात.

तपकिरी गोचीड आयुष्याचा बराच काळ कुत्र्याच्या अंगावर नाही, भिंतीच्या फटींत काढतो. त्याच्या चाव्यातून एर्लिकिया किंवा बॅबेसिया हा सूक्ष्मजीव शरीरात जातो. कुत्रा आधी जेवण सोडतो, मग हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. वरून दोन्ही आजार सारखेच दिसतात, औषधे मात्र वेगळी. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन चालते, बॅबेसिया त्याने हटत नाही, आणि बॅबेसियाच्या जातीनुसार पुन्हा औषध बदलते. नेमके निदान लांबले की अंगातले रक्त कमी होत जाते आणि शेवटी दुसऱ्या कुत्र्याचे रक्त चढवावे लागते.

जून २०२४ मध्ये रतन टाटांनी समाजमाध्यमावर मुंबईकरांकडे मागितले ते असेच रक्त, गोचीडतापाचा संशय असलेल्या सात महिन्यांच्या कुत्र्यासाठी. दाता एक ते आठ वर्षांचा, पंचवीस किलोंच्या आसपास किंवा जास्त वजनाचा, लसीकरण पूर्ण झालेला हवा होता. कुत्र्याला पहिल्यांदा परके रक्त बहुधा सोसते, कारण त्याच्या अंगात त्याविरुद्ध प्रतिपिंडे आधीपासून फारशी नसतात. पुढच्या वेळी मात्र जुळवणी अटळ असते. मांजराला तर पहिल्या वेळीही गट तपासल्याशिवाय रक्त देऊ नये.

उपचाराच्या या वाटेची सुरुवात तालुक्यातच होऊ शकते, असे मला ठामपणे वाटते. कानाच्या कडेतून घेतलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की पुष्कळदा बॅबेसिया तिथेच सापडतो. सरकारी पशुवैद्यकाला हे काम नवे नाही, गाईबैलांच्या गोचीडतापात तो हेच करतो. आपला सरकारी पशुदवाखाना गुराढोरांसाठी उभा राहिला, पण ती काचपट्टी कुत्र्यालाही तितकीच उपयोगी आहे. तालुक्याच्या लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात कुत्र्यामांजरांसाठी ठरावीक वेळ आणि मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाशी फोनवर बोलण्याची सोय, एवढे झाले तरी बरेच रुग्ण पेण-रोह्यातच बरे होतील. महालक्ष्मीची खाट मग ज्याला रक्त, स्कॅन किंवा शस्त्रक्रिया हवी त्याच्यासाठी राहील.

अशा रुग्णाला नेताना काचपट्टी आणि दिलेल्या औषधांची नावे, मात्रा, वेळा लिहिलेला कागद सोबत घ्यावा. निघण्याआधी रुग्णालयात फोन करून रक्त लागेल का ते विचारावे. लागणार असेल, तर शेजारचा धडधाकट, लस घेतलेला मोठा कुत्रा त्याच गाडीतून न्यावा.