आधी नियम, मग लगोरी!

लगोरी शेवटची कधी खेळलात? सातवी-आठवीत? शाळेच्या मैदानावर, की उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला? सात चपटे दगड, एक रबरी बॉल आणि पाठीत बसलेला सणसणीत फटका, एवढं तर नक्की आठवत असेल. पण हीच लगोरी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ठेवायची म्हणा, लगेच कुणीतरी विचारतं, "कुणाला लागलं तर?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर मात्र बहुतेक वेळा एकच निघतं: बॉल कपाटात आणि कपाटाला कुलूप. मग खेळ बंद होतो आणि सगळ्यात आधी मुलींचा होतो.

आपल्या वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावी हे परवडणारं नाही. क्रिकेटच्या किटला पैसे लागतात. लगोरीला दगड आणि बॉल पुरतो. खेड्यावरून एसटीनं येणाऱ्या पोरापोरींना दोन लेक्चरच्या मधल्या अर्ध्या तासातही एक डाव खेळता येतो, तोही एकत्र. म्हणून खेळ वाचवायचा असेल, तर नियम नीट ठरवायला हवेत.

अमेरिकेतल्या शाळांत पी.टी.च्या तासाला किकबॉल खेळतात. बेसबॉलसारखाच खेळ, फक्त बॅटऐवजी पाय. जमिनीवरून सरपटत आलेला मोठा रबरी बॉल पायानं उडवायचा आणि बेसवरून बेसवर पळायचं. पळणाऱ्याला बॉल फेकून मारला की तो आऊट. पण बॉल मानेला किंवा डोक्याला लागला, तर साधारणपणे पळणारा सेफ! यातली गंमत बघा. डोक्याला बॉल लागला की फायदा समोरच्या टीमला होतो. मग डोक्यावर नेम कोण धरेल? अंपायरला ओरडावंच लागत नाही.

आपण हाच नियम उचलून "कमरेच्या वर मारायचं नाही" असं म्हणतो. पण लगोरीत एक अडचण आहे. लगोरी रचणारा उभा नसतो, वाकलेला असतो. त्याचं डोकंच कमरेच्या उंचीवर आलेलं असतं. खाली मारलेला बॉलही थेट तोंडावर बसतो, तोही दोन-तीन पावलांवरून. म्हणजे धोका मैदानभर सारखा नाही. सगळ्यात जास्त धोका त्या सात दगडांभोवती आहे. नियमही तिथूनच सुरू करू.

सात दगड, सात नियम

1. दगडांभोवती दोन-अडीच मीटरचं रिंगण आखा. बॉल मारणाऱ्या टीमनं रिंगणात पाय ठेवायचा नाही.

2. रिंगणात रचणाऱ्याला बॉल फक्त सरपटी मारायचा, किकबॉलसारखा. पायाला लागला तरच आऊट.

3. रिंगणाबाहेर पळणाऱ्याला कमरेखाली मारायचं. डोक्याला किंवा मानेला लागलं, तर खेळाडू सेफ आणि मारणारा तो डाव संपेपर्यंत बाहेर. "चुकून लागलं" चालणार नाही, कारण चुकून लागलेलंही तेवढंच दुखतं.

4. बॉल साधा रबरी किंवा चिंध्यांचा. टेप लावलेला टेनिस बॉल नको, तो जड आणि टणक होतो. सीझन बॉलचं तर नावच काढू नका.

5. विटांचे तुकडे आणि फुटकी फरशी नको. कडा घासलेले चपटे दगड किंवा लाकडी चकत्या घ्या.

6. बूट असतील तर बूट घाला. स्लीपर घालून पळू नका. ओढणी कमरेला घट्ट बांधा. अंगठ्या, कडी, घड्याळ काढून ठेवा.

7. बॉल हातात घेऊन पळायचं नाही. पास द्यायचा. धडका निम्म्या इथेच टळतात.

रिंगण आखताना चुन्याची फक्की मारत असाल तर जपून. चुना डोळ्यात गेला तर इजा होऊ शकते. डोळा चोळू नका, निदान पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्यानं धूत राहा आणि डॉक्टरांना दाखवा. रांगोळीची भुकटी वापरली तर आणखी बरं. मैदानही आधी एकदा चालून बघा. आपल्याकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात तीच माती घसरते. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी खेळूच नका; सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर खेळा.

एवढं करूनही लागलंच तर?

पाय मुरगळला की आपल्याकडे लगेच कुणीतरी चोळायला बसतं. पहिल्या दिवशी चोळू नका. बर्फ कापडात गुंडाळून लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढून घ्या.

डोक्याला लागलं तर "काही नाही झालं, चल खेळ" असं म्हणू नका. चक्कर, मळमळ, डोकेदुखी किंवा गोंधळल्यासारखं वाटणं यातलं काहीही दिसलं, तर त्या दिवसाचा खेळ संपला. लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात. त्यामुळे त्या मित्राला बाइकवर किंवा एसटीनं एकटं घरी पाठवू नका, घरच्यांना फोन करा. परत परत उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळलेपणा, झटका किंवा शुद्ध हरपणं असेल तर 108 लावा. ॲम्ब्युलन्स मोफत आहे.

हा बाऊ वाटतोय? 2019 मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत स्टीव्ह स्मिथच्या मानेला बॉल लागला. तो आधी परत बॅटिंगला आलाही. पण दुसऱ्या दिवशी त्याला बसवलं आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. तो नियम आयसीसीनं नुकताच आणला होता. ॲशेसमध्ये स्मिथला बसवता येतं, तर आपल्या गॅदरिंगमध्ये आपल्या दोस्तालाही बसवता येईल.

आणि नियमांनी खेळाची मजा जाते, असं म्हणणाऱ्यांना खो-खोची गोष्ट सांगा. अंगणातल्या या खेळाचे नियम ठरवायला 1914 मध्ये पुण्यात समिती बसली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला आणि भारताच्या दोन्ही टीम जिंकल्या. त्यांचे कॅप्टन प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे.

तेव्हा यंदा गॅदरिंगच्या मीटिंगला जाताना नुसती "लगोरी ठेवू या" अशी मागणी घेऊन जाऊ नका. हे सात नियम एका कागदावर लिहून न्या. टॉसच्या आधी दोन्ही टीमसमोर मोठ्यानं वाचा. पाच मिनिटं लागतील. "कुणाला लागलं तर?" असं सरांनी किंवा मॅडमनी विचारलं, की तो कागद त्यांच्यापुढे ठेवा.