दोन शिक्षक, एक विद्यार्थिनी आणि निळी पेटी

लंडनच्या बी.बी.सी. संस्थेने 23 नोव्हेंबर 1963 रोजी, शनिवारी सायंकाळी, 'डॉक्टर हू' या दूरचित्रवाणी-मालेचा पहिला भाग दाखविला. काळाच्या मागेपुढे संचार करणाऱ्या एका वृद्धाची ही कथा पुढे कित्येक वर्षे चालली आणि तीत परग्रहांवरील नाना तऱ्हेचे राक्षस आले. परंतु या पहिल्या, सुमारे पंचवीस मिनिटांच्या भागात राक्षस एकही नाही. त्यात आहेत दोन शिक्षक, आणि एका विद्यार्थिनीविषयी त्यांना लागून राहिलेली चिंता.

शाळा सुटली आहे. इतिहास शिकविणाऱ्या बार्बरा राइट आणि शास्त्र शिकविणारे इअन चेस्टरटन आपसांत बोलत आहेत. सूझन नावाची पंधरा वर्षांची मुलगी दोघांच्याही वर्गात आहे. शास्त्रात तिची गती इतकी, की मास्तरांनाच संकोच वाटावा. फ्रेंच राज्यक्रांतीवरील पुस्तक हाती येताच त्यातील मजकूर चूक असल्याचे ती बोलून जाते. पण एका पौंडाचे शिलिंग किती, हे तिला सांगता येत नाही! देशात दशमान नाणी चालतात अशी तिची समजूत. ती अजून सुरू व्हावयाची आहेत, हे तिच्या मागाहून ध्यानात येते. भारतात 1 एप्रिल 1957 पासूनच नवे पैसे चालू झाले होते, तेव्हा येथील वाचकास या प्रसंगाचे हसूच येईल. इंग्लंडात मात्र तो दिवस 15 फेब्रुवारी 1971 रोजी उजाडला. कल्पित मुलीच्या तोंडची चूक सव्वासात वर्षांत खरी ठरली, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

सरसकट हुशार किंवा सरसकट मंद मूल शिक्षकाला कोड्यात टाकीत नाही. ज्ञानातला असा उंचसखलपणा मात्र त्याला स्वस्थ बसू देत नाही. लेखक अँथनी कोबर्न यांनी कथेचा पाया येथे घातला, ही त्यांची चतुराई होय. शिक्षकांचे विषयही सहज निवडलेले नव्हते. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांची इच्छा अशी, की मालेतून मुलांस थोडे शिक्षणही मिळावे: भूतकाळात गेले की इतिहासाचे, भविष्यात गेले की शास्त्राचे. बटबटीत डोळ्यांचे राक्षस तर त्यांना मुळीच नको होते. पण महिना उलटण्यापूर्वीच 'डालेक' नामक राक्षस अवतरले आणि मालेला खरी लोकप्रियता त्यांनीच मिळवून दिली!

मुलीच्या घरचा पत्ता शोधीत दोघे शिक्षक एका भंगाराच्या आवारात पोहोचतात. तेथे घर नाही. आहे ती पोलिसांची निळी पेटी. नागरिकांना पोलिसांशी दूरध्वनीवरून बोलता यावे म्हणून अशा पेट्या त्या काळी लंडनच्या रस्त्यांवर उभ्या असत, आणि मुले त्यांच्यावरून रोज जात-येत. ओळखीची म्हणूनच ती निवडली होती. आज खऱ्या पेट्या रस्त्यांवरून जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत आणि ती आकृती लोक ओळखतात ती या कथेमुळे. पेटीच्या आत भला मोठा प्रकाशमान दिवाणखाना आहे. लहानशा पेटीत एवढी जागा कशी मावते, असे इअन विचारतो, तेव्हा वृद्ध डॉक्टर त्यास दूरचित्रवाणीचाच दाखला देतो: बैठकीच्या खोलीतील पडद्यावर प्रचंड इमारत मावतेच ना?

हा भाग दोनदा चित्रित झाला, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौस जन्मलेले, अवघ्या चोवीस वर्षांचे. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट सत्तावीस वर्षांच्या. सप्टेंबरमधील पहिल्या प्रयत्नात यंत्राची दारे नीट मिटेनात, आणि डॉक्टर फारच कठोर वाटला. न्यूमन यांनी तो भाग पुन्हा करण्यास सांगितले. ऑक्टोबरमध्ये तो नव्याने झाला. त्यात बदललेले एक वाक्य फार मोलाचे आहे. आपला जन्म एकोणपन्नासाव्या शतकातला, असे पहिल्या प्रतीत सूझन सांगते. दुसऱ्या प्रतीत ती एवढेच म्हणते, की आपण दुसऱ्या काळी, दुसऱ्या जगात जन्मलो. आकडा गेला आणि कथेचे दार उघडे राहिले. ते शतक नक्की झाले असते, तर ही माणसे भविष्यातील इंग्रज एवढीच ठरती, आणि त्यांचे गूढ फार दिवस टिकते ना.

ध्वनीची कामगिरीही लक्षात घेण्यासारखी आहे. यंत्र निघते वेळी येणारा घरघराट ब्रायन हॉजसन यांनी पियानोच्या जाड तारांवरून किल्ली ओढून निर्माण केला. रॉन ग्रेनर यांच्या आरंभीच्या सुरावटीला डेलिया डर्बीशायर यांनी ध्वनिफितीचे तुकडे कापून, जोडून रूप दिले.

शेवटी शिक्षकांस जाऊ द्यावे म्हणून सूझन विनवणी करते. यंत्र आणि आजोबा, दोन्ही सोडून विसाव्या शतकातच राहीन, असेही म्हणते. डॉक्टरला ते सोसत नाही. नात जाईल या भीतीने तो कळ फिरवितो आणि दोन निरपराध माणसे आपल्या काळातून उचलली जातात. विद्यार्थिनीची काळजी केल्याचा एवढा दंड! त्यांना लंडन पुन्हा दिसले ते 1965 साली. या भागात मात्र त्याची चाहूल नाही. ओसाड जमिनीवर निळी पेटी तिरकी उभी आहे, आणि एका अनोळखी माणसाची सावली तिच्या रोखाने लांबत जाते.