१९,४६० गव्हांतून ४५: तांबेऱ्याच्या छाननीचा हिशेब

१९,४६०, ४,९२५, ४९८, १३७, ४५. राष्ट्रीय जनुकपेढीत जपलेल्या गव्हाच्या नमुन्यांची तांबेरा आणि करपा या बुरशीजन्य रोगांसाठी २०११ ते २०१४ या हंगामांत छाननी झाली, तिचे हे मुख्य आकडे. निष्कर्ष २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले. पहिल्या आकड्याला शेवटच्याने भागले तर साधारण ४३२ नमुन्यांमागे एक, असे उत्तर येते. मात्र प्रत्येक आकड्यामागची परीक्षा वेगळी आहे आणि कोणत्या परीक्षेत कोण का गळले, हे पाहिल्याशिवाय या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही.

रोग तीन, हवामान तीन

गव्हावर तांबेरा तीन प्रकारचा येतो. पिवळा तांबेरा १० ते १५ अंश सेल्सियसच्या थंडीत फोफावतो, म्हणून त्याचा धोका पंजाब आणि हिमालयाच्या पायथ्याला. नारिंगी तांबेऱ्याला त्याहून थोडी ऊब लागते आणि तो देशात जवळपास सगळीकडे दिसतो. काळा तांबेरा २० अंशांच्या वरच्या हवेत खोडावर चढतो. तो मध्य आणि दक्षिण भारताचा, म्हणजे महाराष्ट्राचाही, जुना शत्रू. १९४६-४७ मध्ये त्याच्या साथीने मध्य भारतातला गहू झोपवला होता. उन्हाळ्यात मैदानी गहू निघून गेल्यावर ही बुरशी डोंगराळ, थंड भागातल्या गव्हावर तग धरते आणि पुढच्या हंगामात वाऱ्याबरोबर खाली येते, हे शास्त्रज्ञ करमचंद मेहता यांनी दाखवून दिले. महाबळेश्वरला गहू गेरवा (म्हणजे तांबेरा) संशोधन केंद्र आहे ते याच कारणाने.

पहिली परीक्षा: वेलिंग्टन

निलगिरीतील वेलिंग्टन हे तांबेऱ्याचे माहेरघर. तेथे १९,४६० नमुने पेरले गेले. त्यांत नेहमीचा गहू होता, बन्सीसारखा कठीण दाण्याचा गहू होता आणि खपलीही होती. प्रतिकारक ठरले ४,९२५, म्हणजे सुमारे २५ टक्के.

शेतातली नोंद दोन गोष्टींची असते: पानाचा वा खोडाचा किती टक्के भाग व्यापला आणि फोड कसे आहेत. फोडांच्या प्रकाराला गुणक असतो: प्रतिकारक ०.२, मध्यम प्रतिकारक ०.४, मध्यम संवेदनशील ०.८, संवेदनशील १. समजा, दोन वाणांवर प्रत्येकी ४० टक्के भाग रोगग्रस्त आहे. पहिल्यावर बारीक, खुरटलेले फोड असतील तर त्याचा संसर्गांक (टक्के गुणिले गुणक) ८. दुसऱ्यावर मोठे, भुकटी उधळणारे फोड असतील तर ४०. दुरून दोन्ही पिके सारखी दिसतात. संसर्गांकात मात्र पाचपट फरक पडतो.

दुसरी परीक्षा: गुरदासपूर आणि कूचबिहार

पहिल्या फेरीतील ४,९२५ नमुने दोन ठिकाणी गेले. पिवळ्या तांबेऱ्यासाठी पंजाबातील गुरदासपूरला, करप्यासाठी पश्चिम बंगालमधील कूचबिहारला. एकाहून अधिक तांबेऱ्यांना दाद न देण्याची शक्यता असलेले ४९८ निघाले, तर करप्याला तोंड देऊ शकतील असे ८६८. या दोन स्वतंत्र याद्या आहेत.

इथे पहिली मेख आहे. वेलिंग्टनला गळलेले १४,५३५ नमुने या अभ्यासात कूचबिहारला पोचलेच नाहीत. ते तांबेऱ्यात नापास झाले होते, करप्यात नाही. करप्याची बुरशी वेगळ्या कुळातली आहे आणि तिला रोखणारी जनुकेही वेगळी. त्यामुळे ८६८ हा जनुकपेढीतल्या करपा-प्रतिकारक गव्हांचा एकूण आकडा म्हणून वाचता येत नाही.

तिसरी परीक्षा: रोपावस्था

४९८ नमुन्यांच्या कोवळ्या रोपांवर तिन्ही तांबेऱ्यांच्या एकूण सात आक्रमक पॅथोटाइपची, म्हणजे बुरशीच्या उपप्रकारांची, कृत्रिम लागण केली गेली. बहुविध प्रतिकाराची शक्यता दाखवणारे १३७ निघाले. बाकी ३६१.

दुसरी मेख या ३६१ मध्ये. प्रतिकाराचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक रोपावस्थेपासून काम करतो, जोरकस असतो, पण बहुधा एकाच जनुकावर उभा असतो. दुसरा झाड मोठे झाल्यावर जागा होतो. रोग पूर्ण थांबवत नाही, त्याची वाढ संथ करतो. एलआर ३४ हे दुसऱ्या प्रकारचे प्रसिद्ध जनुक. तिन्ही तांबेरे आणि भुरी या सगळ्यांवर ते थोडाथोडा लगाम घालते आणि दीर्घकाळ टिकून आहे. असा गहू रोपाच्या परीक्षेत सहज नापास होतो. म्हणून शेतात टिकलेले आणि रोपावस्थेत गळलेले नमुने टाकाऊ मानणे धोक्याचे आहे.

चौथी परीक्षा: डीएनए

गव्हाचा जनुकसंच सुमारे १,६०० कोटी अक्षरांचा, माणसाच्या पाचपटीहून मोठा. तो प्रत्येक वेळी पूर्ण वाचण्याऐवजी हव्या त्या जनुकाशेजारची खूण, म्हणजे रेणवीय मार्कर, शोधतात. तिन्ही तांबेऱ्यांविरुद्धची ज्ञात जनुके आणि करप्याविरुद्धचा जनुकपट्टा या सगळ्यांच्या खुणा एकत्र सापडलेले नमुने ४५.

मार्कर फक्त ओळखीचे जनुक शोधतो. ज्या नमुन्याने शेतात आणि रोपावस्थेत टिकाव धरला, पण ज्यात ओळखीची खूण सापडली नाही, त्यात एखादे नवे जनुक असू शकते. ४५ नमुने पैदासकाराला लगेच कामाचे. नव्या शोधाची शक्यता मात्र त्या यादीबाहेर अधिक.

एका जनुकावर विसंबलो तर

नव्या जनुकांची गरज किती, हे दोन उदाहरणांतून दिसते. एसआर ३१ या जनुकाने काळ्या तांबेऱ्याला अनेक दशके रोखले. १९९८ मध्ये युगांडात त्याला भेदणारी बुरशी सापडली आणि पुढे ‘यूजी ९९’ या नावाने ती जगभर गाजली. २००७ पर्यंत ती इराणात पोचली होती. घरचे उदाहरण पीबीडब्ल्यू ३४३ या वाणाचे. १९९० च्या दशकाच्या मध्यात आलेला हा वाण ऐन भरात सुमारे ७० लाख हेक्टरवर होता. पिवळ्या तांबेऱ्याच्या नव्या पॅथोटाइपने त्याची प्रतिकारशक्ती मोडली आणि तो मागे पडला.

या कथेत महाराष्ट्राच्या ओळखीची खपलीही आहे. काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत वनस्पतिरोगतज्ज्ञ स्टॅकमन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात १२ गव्हांचा जो प्रमाण संच ठरवला, त्यात ‘खपली’ याच नावाने हा गहू होता. एसआर १३ आणि एसआर १४ ही जनुकेही खपलीत सापडली. जुने बियाणे जपण्याचा खर्च कशासाठी, या प्रश्नाला हे पुरेसे उत्तर आहे.

हिशेब काय सांगतो

४५ नमुने म्हणजे ४५ नवे वाण नव्हेत. ते संकरासाठी निवडलेले जनक आहेत. त्यांचे गुण अधिक उत्पादन देणाऱ्या गव्हात उतरवून शेतकऱ्याच्या हाती बियाणे देण्यास बरीच वर्षे लागतात, आणि त्या काळात बुरशी बदलतच राहते. म्हणून या छाननीकडे एकदा संपलेले काम म्हणून पाहू नये. १४,५३५ नमुन्यांची करप्यासाठी आणि ३६१ नमुन्यांची प्रौढ पिकातील संथ प्रतिकारासाठी स्वतंत्र तपासणी करणे, हा या आकड्यांनी दाखवलेला पुढचा टप्पा आहे. शेतकऱ्यांसाठीही यात एक सूचना आहे: तालुकाभर एकच वाण पेरू नका, आणि बियाणे घेताना उत्पादनाच्या आकड्याबरोबर तांबेरा-प्रतिकाराची नोंदही विचारा.