गाणगापूरच्या वाटेवरची इनोव्हा

पौर्णिमेला गाणगापुरात एमएच आणि केए पाट्यांच्या इनोव्हा हमखास दिसतात. गाडी जपानी, पण घडते कर्नाटकातच!

किर्लोस्करांशी भागीदारी करून टोयोटा १९९७ मध्ये आली आणि बिडदीच्या कारखान्यातून क्वालिस निघाली. किर्लोस्करांचं नाव नांगराने झालं, टोयोटाचं घराणं मूळचं यंत्रमागांचं. काय सुंदर जोडी! २००५ मध्ये क्वालिसच्या जागी इनोव्हा आली, २०१६ मध्ये क्रिस्टा, २०२२ मध्ये हायब्रिड हायक्रॉस.

मालकांचं म्हणणं साधं आहे: इंजिन दणकट, मागच्या सीटवरही एसी लागतो, जुनी विकली तरी भाव चांगला. किंमत मात्र सगळ्यांनाच खुपते.

हायक्रॉस पेट्रोलवर चालते, ओढ पुढच्या चाकांना, खाली वेगळी चासी नाही. म्हणून लांब पल्ल्याचे डिझेलवाले अजूनही क्रिस्टाच मागतात.