हबसाण आणि हबशांचा सम्राट

रायगड जिल्ह्यातील दिवेआगर हे गाव नारळी-पोफळीच्या वाड्यांचे. तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेस गेले की दिघी लागते, आणि राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी पाण्यातून वर आलेला जंजिऱ्याचा तट दिसू लागतो. हा मुलूख पूर्वी जंजिरा संस्थानात मोडत असे. त्याचे जुने नाव हबसाण, म्हणजे हबशांचा प्रदेश.

हे हबशी कोण? पूर्व आफ्रिकेत इथिओपिया नावाचा डोंगराळ देश आहे. अरब लोक त्यास ‘हबश’ म्हणत. शेकडो वर्षे त्या बाजूची माणसे, कित्येकदा कोवळी मुलेसुद्धा, पकडून गलबतांतून इकडे आणीत व विकीत. दख्खनच्या सुलतानांनी त्यांना शिपाई केले. अशाच विकल्या गेलेल्यांपैकी मलिक अंबर पुढे निजामशाहीचा वजीर झाला. जंजिऱ्याच्या सिद्दी सरदारांनी तर आपला किल्ला शिवाजी महाराजांच्याही हाती लागू दिला नाही. त्यांच्या स्वाऱ्यांचा जाच किनाऱ्यावरील रयतेने पुष्कळ सोसला, हेही खरे. हे संस्थान १९४८ साली विलीन झाले.

आफ्रिकेतील माणसे पश्चिमेकडेही नेली गेली. युरोपीय व्यापाऱ्यांनी त्यांना जमैका बेटावरील उसाच्या मळ्यांत राबविले. ही माणसे बहुतेक पश्चिम आफ्रिकेची. इथिओपिया त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. १८३८ साली तेथील गुलामगिरी संपली, दारिद्र्य व अवहेलना मात्र संपली नाही. ‘आफ्रिकेकडे अभिमानाने पाहा,’ अशी शिकवण मार्कस गार्वी हे पुढारी त्यांना देत होते.

अशा वेळी, २ नोव्हेंबर १९३० रोजी, अदिस अबाबा येथे रास तफारी यांना राज्याभिषेक झाला. ‘रास’ ही सरदारकीची पदवी, तफारी हे त्यांचे नाव. सम्राट म्हणून त्यांनी हैले सेलासी हे नाव धारण केले. त्या काळी जवळजवळ सारी आफ्रिका परक्यांच्या ताब्यात होती. तेथील एक राजा स्वतंत्र सिंहासनावर बसला, हे ऐकून जमैकातील काही गरिबांना वाटले, बायबलात सांगितलेला त्राता तो हाच! त्यांच्या पंथास ‘रास्ताफारी’ हे नाव सम्राटांच्या पूर्वीच्या नावावरून मिळाले. स्वतः सम्राट मात्र इथिओपियाच्या प्राचीन ख्रिस्ती धर्मपीठाचे निष्ठावंत अनुयायी होते.

१९३५ साली इटलीने त्यांच्या देशावर चाल केली व विषारी वायू वापरला. १९३६ मध्ये सम्राटांनी जिनिव्हास राष्ट्रसंघापुढे दाद मागितली. ती व्यर्थ गेली. १९४१ साली ते राजधानीत परतले. २१ एप्रिल १९६६ रोजी ते जमैकास गेले, तेव्हा विमानाभोवती एवढी गर्दी उसळली की त्यांना बराच वेळ खाली उतरता येईना. अखेर मॉर्टिमर प्लानो या रास्ताफारी पुढाऱ्याने पायऱ्या चढून त्यांना खाली आणले. तो दिवस हे लोक अजून सणासारखा पाळतात.

स्वदेशात मात्र दुष्काळाने व जमीनदारांच्या जुलमाने लोक गांजले होते. १९७४ साली सैन्याने सम्राटांना पदच्युत केले. पुढच्याच वर्षी कैदेत त्यांचा अंत झाला. कित्येक भक्तांनी ही वार्ता खरी मानली नाही.

हबसाण संपले त्याच १९४८ साली सम्राटांनी शाशेमेने गावाजवळची काही जमीन, युद्धकाळी इथिओपियाच्या पाठीशी राहिलेल्या परदेशस्थ आफ्रिकी वंशजांना देऊ केली होती. तेथे जमैकाहून आलेली काही कुटुंबे आजही राहतात.