प्रीपेड मीटर पुन्हा बिलावर येतो तेव्हा

कोल्हापूरच्या पूर्वेला, पुणे-बंगळूर महामार्गालगत उचगाव आहे. इथे नोकरदार राहतात, गांधीनगरच्या बाजारपेठेत काम करणारे राहतात, तसेच गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या कारखान्यांत पाळीने जाणारे कामगारही राहतात. कुणाचा पगार महिन्याने होतो, तर कुणाचा आठवड्याने. लाइटबिल मात्र सर्वांना महिन्यातून एकदाच भरायचे असते आणि तेही वीज वापरून झाल्यावर. ही पद्धत उलटी करून 'आधी पैसे, मग वीज' असा व्यवहार सुरू करावा, यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये देशभर सुमारे २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसविण्याची योजना आखली. महाराष्ट्रात तिला मोठा विरोध झाला. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना या विरोधात पुढे होती. जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे जाहीर केले. त्यानंतर महावितरणने घरोघरी बसवायला घेतलेले स्मार्ट मीटर पोस्टपेड, म्हणजे नेहमीसारखे बिल येणारे आहेत.

मग प्रीपेड मीटर आणि पोस्टपेड मीटर ही दोन वेगळी यंत्रे आहेत काय? एकाचे दुसरे करायचे तर भिंतीवर नेमके काय बदलावे लागते? वर्गात हा प्रश्न आला, तर उत्तर देण्याआधी मीटरची दोन कामे वेगळी करून पाहावीत. पहिले काम मोजण्याचे आणि दुसरे हिशोबाचे.

मोजण्याचे काम दोन्ही प्रकारांत अगदी सारखे आहे. इलेक्ट्रॉनिक मीटर घरात येणारा विद्युत दाब आणि विद्युत प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तपासतो, त्यांचा गुणाकार करतो आणि आलेले गुणाकार साठवत जातो. ही बेरीज १००० वॅट-तास झाली की आकडा एका युनिटने पुढे सरकतो. पैसे आधी भरलेत की नंतर भरणार, याचा या गुणाकाराशी काडीचाही संबंध नाही.

हिशोब कुठे ठेवला जातो, हा मात्र कळीचा मुद्दा आहे. आगाऊ पैसे घेणारा मीटर ही काही आजची कल्पना नाही. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाणे टाकून चालणारे गॅसचे मीटर कामगारांच्या घरांत पोहोचले होते. पुढे दक्षिण आफ्रिकेत टोकनचा विजेचा मीटर आला आणि तो अनेक देशांत पसरला. दुकानात पैसे भरायचे, वीस अंकी संख्या घ्यायची आणि घरी येऊन ती मीटरच्या कळफलकावर दाबायची. तीच संख्या पुन्हा वापरता येऊ नये म्हणून प्रत्येक टोकनमध्ये ते विकल्याची वेळ सांकेतिक रूपात दडवलेली असते. ही वेळ १ जानेवारी १९९३ पासूनच्या मिनिटांत मोजतात आणि तिच्यासाठी २४ द्विमान अंकांची जागा आहे. दोनाचा चोविसावा घात म्हणजे १,६७,७७,२१६. इतकी मिनिटे म्हणजे जवळजवळ बत्तीस वर्षे. ती २४ नोव्हेंबर २०२४ रोजी संपली. त्याआधी जगभरातल्या अशा कोट्यवधी मीटरांत खास संख्या टाकून त्यांचे मोजणे पुन्हा शून्यावर आणावे लागले. ज्यांत ती टाकली गेली नाही, ते मीटर नवे टोकन स्वीकारेनासे झाले. घातांक शिकवताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

टोकनच्या मीटरमध्ये शिल्लक रक्कम मीटरच्या पोटात असते. असा ग्राहक पुन्हा बिलावर यायचा तर कुणीतरी घरी येऊन मीटर बदलावा लागतो. आपल्याकडच्या स्मार्ट मीटरची रचना निराळी आहे. तो ठरावीक अंतराने आपले आकडे मोबाइलच्या जाळ्यातून किंवा रेडिओलहरींनी कंपनीच्या संगणकाकडे पाठवतो. दर, टप्पे, शिल्लक हा सगळा हिशोब तिथे होतो. मीटरमध्ये एक खटका असतो आणि संगणकाकडून आज्ञा आली की तो उघडतो किंवा मिटतो. त्यामुळे प्रीपेडचे पोस्टपेड किंवा पोस्टपेडचे प्रीपेड करणे हा खात्याच्या नोंदीतला बदल ठरतो. त्यासाठी भिंतीवरच्या पेटीला हात लावावा लागत नाही.

ब्रिटनमध्ये हे प्रत्यक्षात घडले. थकबाकीदारांचे स्मार्ट मीटर तेथील कंपन्या दुरूनच प्रीपेडवर टाकत. ज्यांच्याकडे जुने मीटर होते, त्यांच्या घरात न्यायालयाचा हुकूम घेऊन शिरत आणि नवे बसवत. त्यात आजारी आणि अपंग माणसांची घरेही आहेत असे वृत्तपत्राने उघड केले. तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये नियामकाला ही सक्ती थांबवायला सांगावी लागली.

प्रीपेडबद्दलची सर्वांत मोठी तक्रार 'मीटर पळतो' ही असते. मे २०२४ मध्ये बडोद्यात याच तक्रारीवरून लोक रस्त्यावर आले, मीटर बसविणे थांबले आणि ताळा पाहण्यासाठी जोडीला दुसरा मीटर लावण्याचे ठरले. ताळा पाहायलाच हवा. पण मीटर अचूक असूनही पैसे पळताना दिसू शकतात, आणि त्याचे कारण टप्प्यांच्या दरात आहे. सोयीसाठी गोल आकडे घेऊ. पहिल्या १०० युनिटांना ६ रुपये आणि पुढच्या प्रत्येक युनिटला १२ रुपये दर आहे. एक कुटुंब रोज ५ युनिट वापरते. महिन्याला १५० युनिट होतात आणि बिल १२०० रुपये येते. आता हेच कुटुंब प्रीपेडवर आहे असे समजा. एक तारखेला भरलेले ६०० रुपये वीस दिवस पुरतात. एकवीस तारखेला भरलेले तेवढेच ६०० रुपये दहा दिवसांत संपतात. घरात एक दिवाही जास्त लागलेला नाही आणि महिन्याची बेरीजही तीच आहे. पण आठवड्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या बाईला शेवटच्या दहा दिवसांत दुप्पट वेगाने पैसे जाताना दिसतात, आणि तिला हे दर कुणी समजावून सांगितलेले नसतात. भरीस भर म्हणजे पद्धत बदलली त्या दिवशी वापरलेल्या पण बिल न आलेल्या विजेचे पैसे देणे असते. तेही रिचार्जमधून हप्त्याने वळते होऊ लागले, तर संशय बळावणारच.

आता उलटा प्रवास पाहू. प्रीपेडवरून बिलावर येताना त्या दिवशीचा मीटरवरचा आकडा हा दोन खात्यांमधला सांधा असतो. तो आकडा दोन्ही बाजूंनी लिहून ठेवला, तर पुढचे निम्मे वाद होत नाहीत. उरलेली शिल्लक पहिल्या बिलात जमा दिसली पाहिजे. आणि अनामत पुन्हा येते. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४७ नुसार प्रीपेड मीटरवर वीज घ्यायला तयार असलेल्या ग्राहकाकडून अनामत मागता येत नाही. बिलावरच्या ग्राहकाकडून मात्र ती घेता येते. महिन्याचे बिल असेल तर महाराष्ट्रात ती सुमारे दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी असते आणि तिच्यावर ग्राहकाला व्याज मिळते. वरच्या कुटुंबाच्या बाबतीत हे २४०० रुपये झाले. काही घरांना ही रक्कम एकदम काढणे जड जाते. म्हणून आठवड्याला मजुरी मिळणाऱ्या एखाद्याला प्रीपेडच बरा वाटला, तर त्याला अडाणी म्हणू नये.

तरीही माझे मत बिलाच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण कलम ५६ मध्ये आहे. बिल थकले तर वीज तोडण्यापूर्वी ग्राहकाला किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्या पंधरा दिवसांत बिल चुकीचे असल्याची तक्रार करता येते, उसनवारी करता येते. प्रीपेडमध्ये शिल्लक शून्यावर आली की हा अवधी उरतच नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. तशा दिवसांत रोजगार बुडालेल्या माणसाने रिचार्ज कशातून करायचा?

सध्याच्या स्मार्ट मीटरला 'टीओडी' म्हणतात, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार दर लावू शकणारा. जुलै २०२५ पासून अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर झाली. दुपारी सौर वीज मुबलक असते, म्हणून हे ठीकच आहे. मात्र हा पोस्टपेड मीटर उद्या प्रीपेड होणे तांत्रिकदृष्ट्या एका आज्ञेचे काम आहे, हे वर पाहिलेच. तेव्हा संमतीची नोंद कागदावर असणे महत्त्वाचे.

मीटर खरोखर पळतो का, हे मुलांना घरीच तपासता येईल. मीटरवर लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी युनिटमागे किती लुकलुक, तो आकडा छापलेला असतो. तो ३२०० आहे असे धरू. घरातले बाकी सर्व बंद करून ७५० वॅटची इस्त्री लावावी. तासाला पाऊण युनिट, म्हणजे २४०० लुकलुक, म्हणजे मिनिटाला ४०. इस्त्री तापल्यावर आपोआप बंद होते, म्हणून पहिल्या मिनिटातच मोजावे. मोजणी ३३ च्या आसपास आली तर घाईने मीटरला दोष देऊ नये. इस्त्रीची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टच्या जागी २१० मिळाले तर ती सुमारे १७ टक्क्यांनी घटते, आणि संध्याकाळी दाब एवढा उतरलेला असू शकतो. म्हणून हीच मोजणी दुपारी आणि रात्री आठ वाजता अशी दोनदा करून घ्यावी.